अंगणवाडी कुणाकडून शिकली?

भोर-वेल्ह्याचा इतिहास म्हटलं की आपल्याला आधी राजगड आणि तोरणा आठवतात. आज मात्र गडावर चढायचं नाहीये. गडाच्या पायथ्याला जी वाडी असते, तिथल्या अंगणवाडीत जाऊन बसायचंय.

या भागात फिरताना मी एक वाक्य बरेचदा ऐकलंय. घरात डाउन सिंड्रोम असलेलं तीन-चार वर्षांचं मूल असतं आणि कुणीतरी सहज बोलून जातं, "ह्याला अंगणवाडीत काय जमणार? ह्याची शाळा तिकडं पुण्याला." बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण इतिहास काढून बघितला ना, तर हे वाक्य चक्क उलटं आहे. अंगणवाडीची शिकवण्याची पद्धत मुळात अशाच मुलांना शिकवताना सापडलीये. कशी ते सांगतो.

आधी दोन मिनिटं विज्ञान. लंडनचे डॉक्टर जॉन लँग्डन डाउन यांनी १८६६ मध्ये या मुलांचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. कारण कळायला १९५९ उजाडलं. मार्थ गोतिए, जेरोम लेज्यून आणि सहकाऱ्यांनी पॅरिसमध्ये दाखवून दिलं की या मुलांच्या पेशींत एकविसावं गुणसूत्र दोनऐवजी तीन असतं. बस, एवढंच. आईनं ग्रहण पाळलं नाही म्हणून असं होत नाही, आणि कुणाचा शापही नसतो.

आता पॅरिसमध्येच पण शंभर-सव्वाशे वर्षं मागे जाऊ. १८४० च्या सुमाराला एदुआर्द सेग्विन नावाचे शिक्षक अशा मुलांना शिकवत होते, ज्यांना सगळ्यांनी "ह्यांना काही येणार नाही" म्हणून सोडून दिलं होतं. त्यांची रीत साधी होती. आधी हात, डोळा आणि स्पर्श, मग शब्द. आकार खाचेत बसवायचे, पायऱ्या चढायच्या, खरखरीत-गुळगुळीत ओळखायचं. त्यांनी वर्णन केलेल्या काही मुलांना डाउन सिंड्रोम असावा, असं पुढच्या अभ्यासकांचं मत आहे.

सेग्विनचं हे काम उचललं रोमच्या डॉक्टर मारिया मॉन्टेसरी यांनी. १९०० साली त्या बौद्धिक दिव्यांग मुलांच्या शाळेत काम करत होत्या. त्यांची काही मुलं लिहिण्या-वाचण्याच्या परीक्षेत इतर मुलांच्या बरोबरीनं पास झाली. लोकांनी कौतुक केलं, पण मॉन्टेसरींना वेगळाच प्रश्न पडला: मग बाकीच्या शाळा धडधाकट मुलांना कसं शिकवतायत, की ती एवढ्यावरच अडतात? त्यातून १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत त्यांचं पहिलं बालघर उघडलं. म्हणजे पद्धत आधी या मुलांसाठी तयार झाली, बाकीच्यांना नंतर मिळाली.

ती आपल्याकडे आली भावनगरमार्गे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक तिथे बालशिक्षणाचे प्रयोग करत होते. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यात, गावातल्या मुलांसाठी काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. गरीब घरातली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. म्हणून नाव पडलं अंगणवाडी! महागडी साधनं परवडणारी नव्हती, मग शंख-शिंपले, बिया, पानं, खडे यांनी काम भागवलं. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी देशभर पोचली.

बोर्डीच्या एकच वर्ष आधी, १९४४ मध्ये, मुंबईत जय वकील यांनी आपली मुलगी दीना हिच्यासाठी घरीच शाळा सुरू केली. दीनाला डाउन सिंड्रोम होता. पुढे त्या शाळेची मोठी संस्था झाली. पुण्यात १९६४ ला कामायनी सुरू झाली. कामं मोलाचीच, पण दोन वाटा पडल्या. "साधी" मुलं अंगणवाडीत, "ही" मुलं शहरातल्या विशेष शाळेत.

शहरात हे चाललं. वेल्ह्यात कसं चालणार? २०११ च्या जनगणनेत अख्ख्या तालुक्याची लोकसंख्या सुमारे ५४ हजार. डाउन सिंड्रोम हजार जन्मांमागे साधारण एका बाळाला असतो. म्हणजे सहा वर्षांखालची अशी मुलं तालुक्यात बोटांवर मोजण्याइतकी. एखादं पानशेतच्या बाजूला, एखादं गुंजवणी खोऱ्यात, भोरमध्ये एखादं पार वरंध घाटाच्या अंगाला. त्यांच्यासाठी विशेष बालवाडी कुठे काढणार? आणि मांडीवर मूल घेऊन एसटीनं रोज पुणे कोण गाठणार?

अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या पोर्टेज गावाला हीच अडचण होती. मुलं थोडी, घरं लांब लांब. १९६९ मध्ये त्यांनी उपाय काढला. शिक्षिका आठवड्यातून एकदा घरी येणार, आईबापाला एक-दोन छोट्या गोष्टी दाखवणार आणि पुढचा आठवडा घरच्यांनी त्या करून घ्यायच्या. ही पद्धत पुढे कितीतरी देशांत गेली. ओळखीची वाटतेय ना? ताराबाईंनी शाळा अंगणात नेली होती, तशीच ही.

मग आपल्या वाडीत काय करता येईल? या मुलांचे स्नायू सैल असतात, चालायला दोन वर्षं किंवा जास्त लागतात. पण वाढीचे टप्पे तेच, फक्त सावकाश. ऐकून लक्षात ठेवण्यापेक्षा बघून शिकणं त्यांना सोपं जातं. म्हणून "पाणी", "अजून", "पुरे" हे शब्द बोलताना सोबत हाताची खूण करा. खुणेनं बोलणं थांबत नाही, उलट शब्दांना वाट मिळते. भाकरीच्या पिठाचा गोळा दाबू द्या. वाट्या-झाकणांच्या जोड्या लावू द्या. उंबऱ्याची पायरी हात धरून चढवा. घरातल्यांचे फोटो मोबाईलवर दाखवून नावं घ्या. आणि सगळ्यात आधी हृदय, कान आणि थायरॉईड तपासून घ्या, कारण यातल्या जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा दोष असतो.

तपासणीची सोय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, तोही पालघरलाच. त्याच्या यादीत डाउन सिंड्रोम नावानिशी आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं आणि गरज असेल त्या मुलाला पुढच्या उपचारासाठी पाठवतं. पण मूल पटावरच नसेल, तर पथकाला दिसणार कसं? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मोफत शिक्षणाचा हक्क सहाव्या वर्षापासून आहे. त्याआधीची मोलाची वर्षं घर आणि अंगणवाडीच्याच हातात असतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रानं दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडी मार्गदर्शिकाही काढलीये. म्हणजे "आमच्याकडे ह्यांचं नसतं" असं म्हणायला आता जागा नाही.

अंगणवाडीताईंकडे कामाचा डोंगर असतो, मला माहितीये. आठवड्यातला एक तास या मुलासाठी काढायचा तर त्यांना प्रशिक्षण हवं, मदतनीस हवी आणि घरच्यांची साथ हवी. पण सुरुवात पटावर नाव घालण्यापासून होते.

तुमच्या वाडीत असं एखादं पोर असेल, तर हा भाग त्याच्या आईला आणि ताईंना व्हॉट्सॲपवर पाठवा. नुसता पाठवू नका, सोबत बसून ऐका. या मुलांकडून जी पद्धत जगानं घेतली, ती त्यांच्यापर्यंत परत पोचवायचीये. भेटू पुढच्या भागात!