कुत्र्यांकरवी सांबराची शिकार (मावळ व घाटमाथा)

सांबराच्या मागावर कुत्री सोडायची, त्यांनी ते पळवून दमवायचे, ओढ्यात किंवा कड्याच्या बेचक्यात अडवून धरायचे आणि मागून धावत आलेल्या माणसांनी ते मारायचे, ही शिकारीची जुनी रीत. सह्याद्रीतल्या हाक्याच्या, म्हणजे जनावर हाकून टपलेल्या शिकाऱ्यांपुढे आणण्याच्या, शिकारीत गावठी कुत्री असतच. भारतात आज ही शिकार गुन्हा आहे. पण पाठलाग थांबलेला नाही. मालक किंवा बंदूकवाला सोबत नसलेली मोकाट कुत्रीच आता सांबरामागे लागतात, आणि या विषयाचा आजचा खरा प्रश्न तोच आहे.

सांबर हे भारतातले सर्वांत मोठे हरीण. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन सव्वादोनशे किलोंच्या वर, क्वचित तीनशेपर्यंत जाते. शिंगे नरालाच असतात आणि ती गळून पुन्हा येतात. चितळासारखा मोठा कळप ते करत नाही. एकटे किंवा दोघा-चौघांत राहते, दिवसा कारवीच्या दाट रानात बसते आणि अंधार पडल्यावर चरायला निघते. पाण्याची त्याला विशेष ओढ. उत्तरेला भीमाशंकर अभयारण्य (1985) आणि दक्षिणेला मुळशीतील ताम्हिणी अभयारण्य (2013) यांच्या मधल्या घाटमाथ्यावर मावळ येतो. लोणावळ्याला लागून असलेले कुसगाव या पट्ट्याच्या ऐन कडेला आहे. शेजारच्या कुरवंड्याजवळ इंद्रायणी उगम पावते आणि नागफणीचा कडा सरळ कोकणात उतरतो. 1661 साली मोगल सरदार कारतलबखानाची फौज इथल्याच कुरवंडे घाटाने उतरून उंबरखिंडीत कोंडली गेली. पळणाऱ्या जनावरालाही ही जमीन अशीच कोंडीत पकडते : एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला वस्ती आणि रस्ता, मधे ओढ्यांच्या घळी.

या शिकारीचे आकर्षण समजून घेतल्याशिवाय ती इतकी शतके का टिकली हे कळत नाही. मांस, कातडे आणि शिंगे हे उघड कारण झाले. त्याहून मोठे कारण कुत्रा. माणसाला ज्या रानात दहा पावलांपलीकडचे दिसत नाही, तिथे कुत्र्याला पहाटे गेलेल्या जनावराची वाट सापडते. त्याच्या आवाजावरून शिकारी न पाहताच रान वाचतो. वास नुसता लागला असेल तर भुंकणे तुटक येते, पाठलाग सुरू झाला की ते लांबत, सरकत जाते, आणि एकाच जागेवरून न थांबता येऊ लागले की सांबर उभे राहिले असे समजायचे. ज्याने कुत्रा पिल्लापासून वाढवला त्याला त्या गलक्यातूनही आपल्या कुत्र्याचा आवाज ओळखू येतो. हा अभिमान आणि ही जवळीक खरी आहे. शिकारीला विरोध करणाऱ्यांनी ती खोटी ठरवण्याचे कारण नाही.

दख्खनच्या परंपरेत या जवळिकीच्या खुणा जागोजाग आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 1129 च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये मृगया आणि सारमेय, म्हणजे कुत्रे, यांना स्वतंत्र प्रकरणे आहेत. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातल्या आतकूर येथील दहाव्या शतकाच्या मध्यातील शिलालेख रानडुकराशी झुंजताना मेलेल्या ‘काळी’ नावाच्या कुत्र्याची आठवण ठेवतो. खंडोबाच्या सोबत कुत्रा असतो, आणि साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या खंड्या या कुत्र्याची समाधी संगम माहुलीला दाखवतात. महाराष्ट्र-कर्नाटकात प्रसिद्ध असलेले मुधोळ आणि कारवान हे शिकारी कुत्रे मात्र नजरेने शिकार धरणारे, उघड्या माळावर सशामागे, काळविटामागे सुटणारे. मावळच्या कारवीत त्यांच्या लांब टांगांचा उपयोग नाही. तिथे नाकाने चालणारे, झुडपात शिरणारे, काटक गावठी कुत्रेच चालत.

सांबरामागे कुत्री सोडण्याचे सर्वांत तपशीलवार वर्णन इंग्रज शिकारी सॅम्युएल बेकर याचे आहे. तो 1848 पासून सिलोनच्या डोंगरांत नुवारा एलिया येथे राहत होता आणि 1850 च्या दशकात त्याने त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. सांबराला तो ‘एल्क’ म्हणे. कुत्र्यांनी अडवलेले सांबर तो पुष्कळदा नुसत्या सुऱ्याने मारी. दमलेले सांबर उताराला लागून ओढ्याकडे येते. डोहात पोटापर्यंत पाण्यात उतरते, पाठ खडकाला लावते, मानेवरची आयाळ फुलवते आणि पुढचा पाय आपटते. आता पारडे त्याच्या बाजूला झुकते. त्याचे पाय तळाला टेकलेले असतात आणि कुत्र्यांना पोहावे लागते. समोरून येणाऱ्याला शिंग बसते, जवळ आलेल्यावर पुढचे खूर पडतात. बेकरची कितीतरी कुत्री अशी फाटून, बुडून मेली. आवडत्या कुत्र्यांच्या मृत्यूवर तो मनापासून हळहळतो आणि पुढच्या पानावर नवी शिकार सांगतो. त्या दोन पानांत या खेळाचा सगळा हिशोब आला आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते : धोका खरा असतो, पण तो बहुतेक वेळा दुसऱ्याच्या अंगावर असतो.

घाटमाथ्यावर कुत्र्याला आणखीही धोके आहेत. पाठलागाच्या भरात तो कड्यावरून जातो, डुकरासाठी लावलेल्या तारेच्या फाशात अडकतो आणि भलत्या दरीत उतरून हरवतो. मावळात बिबट्या आहे, आणि कुत्रा हे बिबट्याचे नेहमीचे भक्ष्य. माणसाला सर्वांत मोठी भीती दुसऱ्या माणसाच्या गोळीची. झुडूप हलले, कुत्री त्याच दिशेला भुंकत आहेत, आणि ठासणीची बंदूक घेऊन टपलेल्याला पलीकडून येणारा हाकारा दिसत नाही. हाक्यात अपघात होतात ते असे.

सांबराच्या शरीरात पाठलागाने काय होते, याचे उत्तर इंग्लंडमधील तांबड्या हरणावर झालेल्या अभ्यासातून बरेचसे मिळते. प्राणिशास्त्रज्ञ पॅट्रिक बेट्सन आणि एलिझाबेथ ब्रॅडशॉ यांनी नॅशनल ट्रस्ट या संस्थेसाठी केलेल्या आणि 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक पाठलाग सरासरी 3 तास आणि 19 किलोमीटर चालल्याचे आढळले. स्नायूंतला साखरेचा साठा संपलेला, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू लागलेल्या आणि ताणाची संप्रेरके कमालीची वाढलेली, अशी त्या हरणांची अवस्था होती. ट्रस्टने त्याच वर्षी आपल्या जमिनीवर हरणांची अशी शिकार बंद केली, आणि इंग्लंड-वेल्समध्ये 2004 च्या कायद्याने कुत्र्यांकरवी शिकारीवर बंदी आली. अतिश्रम आणि भीती यांनी स्नायू फुटू लागले की त्यातले द्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंडे निकामी करते. कुत्र्यांच्या तावडीतून सुटलेले, अंगावर मोठी जखमही नसलेले हरीण काही तासांनी किंवा दोन-तीन दिवसांनी मरते, त्यामागे बहुधा हेच असते.

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात मात्र बीगल, हॅरियर व ब्लडहाउंड या जातींची कुत्री घेऊन सांबराची शिकार परवान्याने चालते. हंगाम 1 एप्रिल ते 30 नोव्हेंबर. तिथे सांबर 1860 च्या दशकात बाहेरून आणून सोडलेले आहे आणि त्याने डोंगरी वनस्पतींना उपद्रव चालवला आहे. आपल्याकडे ते मूळचे रहिवासी आहे, आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघटनेने 2008 मध्ये त्याला असुरक्षित प्रजातींत घातले. म्हणून तिकडचा नियम इकडे लागू पडत नाही.

मुंबई राज्यात 1951 मध्ये वन्यप्राणी व वन्यपक्षी संरक्षणाचा कायदा झाला. 1972 च्या केंद्रीय वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात शिकारीचे परवाने होते, पण त्याच्या कलम 17 नुसार परवानाधारकालाही कुत्र्यांच्या मदतीने फक्त पाणपक्षी, चकोर, तितर आणि लावे मारता येत. हरणामागे कुत्री सोडणे तेव्हाही निषिद्धच. 1991 च्या दुरुस्तीने परवान्यांचे ते प्रकरणच गेले. कायद्याच्या व्याख्येत जनावर हाकणे आणि तसा नुसता प्रयत्न करणे हीसुद्धा शिकार आहे. त्यामुळे ‘आम्ही फक्त कुत्री सोडली, मारले नाही’ हा बचाव टिकत नाही.

कोळसुंदा, म्हणजे रानकुत्रा, हाही सांबर असेच पाण्यात घालतो, पण तो त्या रानाचा भाग आहे आणि भुकेपुरते मारतो. पाळीव किंवा मोकाट कुत्र्याला पोट भरायला वस्ती आहे. लोणावळ्याभोवती बंगले, उपाहारगृहे आणि पर्यटकांनी टाकलेले अन्न यांवर पोसलेल्या टोळ्या रात्री रानाच्या कडेने फिरतात आणि पुष्कळदा फाडलेले जनावर न खाताच सोडून जातात. देशभरच्या नोंदी गोळा करणाऱ्या, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुत्र्यांनी 80 प्रजातींवर हल्ले केल्याचे दिसले आणि त्यांपैकी 31 जागतिक यादीत धोक्यात असलेल्या होत्या. शिवाय रेबीज आणि डिस्टेंपर हे रोग कुत्र्यांकडून रानात जाऊ शकतात. त्याच साली गीरमध्ये 20 हून अधिक सिंह दगावले, त्यांत डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार नसबंदी केलेला कुत्रा पकडला त्याच जागी परत सोडायचा असतो. संख्या त्याने हळूहळू घटेल, पण रानाच्या कडेला परत सोडलेल्या कुत्र्याचा पाठलाग त्याने सुटत नाही. कुसगावसारख्या गावात कचरा उघडा न टाकणे, पाळीव कुत्री रात्री बांधणे आणि त्यांना लस टोचणे याचा उपयोग जास्त लवकर होतो.

कुत्र्यांनी घेरलेले सांबर दिसल्यास कुत्री लांबून हाकलावीत आणि वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. जनावराभोवती गर्दी करू नये, त्याला दोरीने बांधू नये, पाणी पाजायला किंवा फोटो काढायला जवळ जाऊ नये. पाण्यात उभे असेल तर बाहेर ओढू नये. कुत्री गेल्यावर अंधारात ते बहुधा आपणहून निघते, म्हणून रानाकडची बाजू मोकळी ठेवून माणसांनी फक्त रस्त्याच्या अंगाला उभे राहावे.