विंचवाचं विष, नसांतले क्षार आणि महाडचे डॉक्टर

मृगाचा पाऊस पडला की दगडाखालचे, काडीकचऱ्यातले विंचू बाहेर येतात. "एवढासा विंचू, त्यानं जीव कसा जातो?" असं नातेवाईक हमखास विचारतात. उत्तर नसेच्या टोकाशी आहे.

नस आणि स्नायू यांच्यामध्ये बारीक फट असते. नसेतून आलेला संदेश रासायनिक द्रव्याच्या रूपाने ती ओलांडतो. 1894 मध्ये लॉक यांना दिसलं, की नुसत्या मिठाच्या पाण्यात ठेवलेल्या बेडकाच्या नसेला चेतवलं तरी स्नायू हलत नाही. थोडं कॅल्शियम मिसळलं की हलतो. पुढे लंडनमध्ये बर्नार्ड काट्झ आणि सहकाऱ्यांनी कारण उलगडलं. सोडियमचे कण नसेत शिरले की संदेश पुढे सरकतो. टोकाशी कॅल्शियम आत आलं की द्रव्याच्या पुड्या फुटतात. काट्झ यांना 1970 चं नोबेल मिळालं.

लाल विंचवाचं विष नेमकं इथेच घात करतं. सोडियमचं दार ते बंदच होऊ देत नाही. नस पुन्हा पुन्हा चेतते आणि द्रव्यांचा पूर येतो. आधी घाम, उलट्या. मग रक्तवाहिन्यांचे स्नायू आवळतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं.

आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर 1976 मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात तेव्हा विंचूदंशाने धडधाकट माणसं, लहान मुलं दगावत. रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी ही लक्षणं टिपली. उघडं राहिलेलं दार बंद करणारं औषध नव्हतं. मग त्यांनी पलीकडची बाजू धरली. प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी रक्तवाहिन्यांच्या स्नायूंपर्यंत तो संदेश पोहोचू देत नाही. 1986 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे अनुभव छापून आले. मृत्यू झपाट्याने घटले. 2011 मध्ये डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी दाखवलं, की प्रतिविषाची जोड दिली तर रुग्ण आणखी लवकर बरा होतो. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

लक्षात ठेवा: नुसती वेदना असेल तर घाबरू नका, पण डॉक्टरांना दाखवा. दरदरून घाम, उलट्या, गार हातपाय दिसले तर मंत्र-उतारा न करता लगेच दवाखाना गाठा. लहान मुलाच्या बाबतीत तर लक्षणांची वाटही पाहू नका. गोळी मात्र घरच्या घरी देऊ नका; रक्तदाब अचानक उतरू शकतो.