ही गाडी काबूलपर्यंत जाईल का?

लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर ऑस्ट्रेलिया हाउस नावाची भव्य दगडी इमारत आहे. १९६० आणि ७०च्या दशकांत तिच्या आजूबाजूला फुटपाथलगत जुन्या व्हॅन उभ्या असायच्या. काचेला आतून पुठ्ठा लावलेला, त्यावर हातानं लिहिलेली किंमत. आत एक फळीचा पलंग, गॅसची शेगडी, पाण्याचा कॅन, कपाटवजा खोकी. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची पोरं वर्षभर युरोप फिरून आली की गाडी इथं लावायची, नुकत्याच लंडनला उतरलेल्या दुसऱ्या पोरांना विकायची आणि घरचं विमान पकडायची. पुढे हा बाजार शहराच्या उत्तरेकडे, मार्केट रोडवर सरकला.

सेकंड हँड गाडी घेताना आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, ‘ओळखीतली आहे का?’ इथं ती सोयच नव्हती. विकणारा पुढच्या आठवड्यात जगाच्या दुसऱ्या टोकाला जाणार. गिअरबॉक्स फ्रान्समध्ये बसला, तर भांडायचं कोणाशी? त्यामुळे या रस्त्यावर आलेल्या पंचविशीतल्या पोरांना गाडी पारखायला स्वतःच शिकावं लागलं.

हे सगळं स्वस्तातच व्हायला हवं होतं. नवी कॅम्पर त्यांच्या आवाक्यातली नव्हती. बेन पॉन या डच व्यापाऱ्यानं १९४७ साली वहीत एक डब्यासारखी गाडी रेखाटली होती. १९५० पासून ती फोक्सवॅगनच्या कारखान्यात बनू लागली. १९५१ पासून जर्मनीतली वेस्टफालिया कंपनी तिच्यात झोपण्या-स्वयंपाकाचं सामान बसवू लागली. इंग्लंडमध्ये बेडफर्डच्या व्हॅनवर छत एका बाजूनं उघडणारी ‘डॉर्मोबाइल’ निघाली. या गाड्या सुट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांसाठी होत्या. ते विटले, पत्र्याला गंज चढला, की त्या स्ट्रँडवर यायच्या.

आणि तिथून त्या फक्त पॅरिसला जायच्या नाहीत. इस्तंबूल, एर्झुरुम, तेहरान, हेरात, कंदाहार, काबूल, खैबर, लाहोर, मग वाघा ओलांडून दिल्ली. आणि हिवाळ्यात गोव्याचा किनारा. टोनी आणि मॉरीन व्हीलर हे जोडपं १९७२ मध्ये पासष्ट पौंडांना घेतलेल्या जुन्या ऑस्टिन मिनीव्हॅनमधून निघालं आणि काबूलला ती विकून पुढे गेलं. या प्रवासातूनच ‘लोन्ली प्लॅनेट’ उभं राहिलं. पासष्ट पौंडांची ती गाडी काबूलच्या अलीकडेच मोडली असती तर, असा विचार मला नेहमी येतो.

मग पारखायचं काय? आधी गंज. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, ते खालून पत्रा खातं. चाकांच्या कमानी, दाराखालची पट्टी आणि चासी, सगळीकडे चुंबक फिरवायचा. जिथं तो चिकटत नाही, तिथं पत्रा नसून पुट्टी आहे. मग सरकारी तपासणीचा दाखला. जुन्या गाड्यांची ही सक्तीची चाचणी १९६० मध्ये आली, तेव्हा ती दहा वर्षांवरच्या गाड्यांना होती. १९६७ पर्यंत तीन वर्षांवरच्या गाड्यांनाही ती लागू झाली. दाखल्याचे जितके महिने शिल्लक, तितका भाव चढा. पण त्यातून ब्रेक आणि दिवे कळायचे, इंजिन किती टिकेल हे कळायचं नाही.

फोक्सवॅगनच्या इंजिनाची एक खोड जाणकारांना पाठ होती. इंजिन मागे, हवेवर थंड होणारं. मात्र जुन्या मॉडेलांत ऑइल कूलर नेमका तिसऱ्या सिलिंडरच्या हवेच्या वाटेत बसवलेला असायचा. तो सिलिंडर जास्त तापायचा आणि त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आधी जळायचा. १९७१ च्या मॉडेलांपासून कूलर बाजूला गेला. दुसरी परीक्षा साधी होती: इंजिन बंद करून पुली हातानं धरायची, मागेपुढे ओढायची. ठळक खटका जाणवला, तर क्रँकशाफ्टची बेअरिंग गेलेली. मालक पडद्यांचं कितीही कौतुक करो, तिथून निघायचं. अमेरिकेत जॉन म्यूर या इंजिनिअरनं १९६९ मध्ये फोक्सवॅगन जिवंत ठेवण्यावर एक पुस्तकच लिहिलं, तेही ज्यांनी कधी पाना हातात धरलेला नाही अशांसाठी.

सगळे फोटो फोक्सवॅगनचेच दिसतात. गोल चेहरा, दोन रंग, छतावर सामान. दिसायला ती खरंच गोड आहे. रेडिएटर नाही, म्हणून वाळवंटात पाणी उकळायची भीती नाही, हेही खरं. तरी भारतापर्यंत यायचं असतं, तर माझी पसंती वेगळी असती.

ब्रिटनची मॉरिस जे-फोर नावाची एक ठेंगणी, सुस्त, कुरूप व्हॅन होती. तिच्यात बीएमसीचं बी-सीरीज इंजिन, सुरुवातीला १४८९ सीसीचं. आणि आपल्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये? त्याच घराण्याचं १४८९ सीसीचं इंजिन. म्हणजे ती व्हॅन अंबाल्याला बंद पडो नाहीतर कोल्हापूरला, नाक्यावरचा कुठलाही मिस्त्री बॉनेट उघडताच हसला असता. कॉमर व्हॅनचंही तसंच: तिचं १७२५ सीसीचं इंजिन इराणच्या पेकान मोटारीच्या भावकीतलं आणि पेकान १९६७ पासून तेहरानातच जोडली जात होती. फोक्सवॅगनचा कारखाना आज आपल्या चाकणला आहे, पण तो २००९ मध्ये आला. १९७० च्या दशकात, परदेशी गाड्यांच्या आयातीवर कडक बंधनं असताना, तिचा एक व्हॉल्व्ह शोधायचा म्हणजे कोणीतरी जर्मनीहून येताना खिशात आणेल याची वाट बघणं.

आणखी एक भानगड कागदाची. गाडी जकात न भरता सीमेपार न्यायची, तर ‘कार्ने’ नावाचं दस्तऐवजांचं पुस्तक लागायचं. गाडी परत बाहेर नेईन, नाहीतर जकात भरेन, अशी त्यामागे हमी असायची. भारतातली जकात इतकी, की हमीची रक्कम कित्येकदा गाडीच्या किमतीहून मोठी. म्हणजे हणजुण्याला पोचलेली खटारा व्हॅन तिथंच टाकून विमानानं घरी जाणं महागात पडायचं. स्ट्रँडवर विचारायचा खरा प्रश्न ‘जाईल का’ एवढाच नव्हता, ‘परत येईल का’ हाही होता.

१९७९ च्या फेब्रुवारीत इराणात क्रांती झाली, डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि हा रस्ता मिटला. लंडनच्या जुन्या कॅम्पर मग स्पेन, ग्रीस, मोरोक्कोकडे वळल्या. त्या वाटेवर मात्र मी फोक्सवॅगनच घेतली असती.