लातूरचं सूर्यफूल आणि त्याचे रानटी भाऊबंद

मंडळी, सोयाबीनच्या भावावर आपण रोज बोलतो. पण त्याआधी लातूर-नांदेडच्या शिवारात पिवळंधमक सूर्यफूल दिसायचं, ते कुठं गेलं? भाव, पाखरं ही कारणं आहेतच. आज रोगाचं सांगतो.

लातूर जिल्हा होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. १९८४ मध्ये या भागात सूर्यफुलावर केवडा आला. देशातली या रोगाची पहिली नोंद आपल्या मराठवाड्यातली. झाड खुजं राहायचं, पानं पिवळी, पानामागं पांढरी बुरशी, आणि फूल मान खाली घालायचं सोडून आभाळाकडे तोंड करून ताठ उभं. दाणा पोचट. बुरशीची बीजं जमिनीत वर्षानुवर्षं टिकतात, त्यामुळे झाड खुजं दिसल्यावर फवारून उपयोग नाही. वाणच दणकट हवा.

तो लातूरच्याच गळीतधान्य संशोधन केंद्रानं दिला: एलडीएमआरएसएच-१, मग ३. नाव घेताना जीभ अडखळते, पण त्यातला पहिला 'एल' म्हणजे लातूर!

सूर्यफूल मूळचं उत्तर अमेरिकेचं. तिकडं त्याचे रानटी भाऊबंद रस्त्याकडेला तणासारखे उगवतात. केवड्याला दाद न देणारी बरीचशी जनुकं पैदासकारांनी त्यांच्यातूनच घेतली. भाताचंही तसंच. तपकिरी तुडतुडे पसरवतात त्या खुरटेपणाच्या विषाणूवर फिलिपिन्सच्या संस्थेनं हजारो नमुने तपासले. उपयोगी पडला उत्तर प्रदेशातला एक रानभात. त्यातूनच पुढे १९७६ चा आयआर-३६ आला.

आपल्याकडे मात्र गाडी तिथं थांबली नाही. १९९७ मध्ये कर्नाटकातल्या बागेपल्लीकडे सूर्यफूल करपताना दिसलं, मग ते महाराष्ट्रातही आलं. हा विषाणू. केवड्याचा वाण इथं कामाचा नाही. विषाणू लपतो गाजरगवतात, वरून ते हिरवंगार दिसतं. त्याचे परागकण फुलकिड्यांसोबत सूर्यफुलावर येतात आणि किड्यानं खरवडलेल्या जागेतून विषाणू आत शिरतो. गाजरगवतही अमेरिकेचंच, सूर्यफुलाच्याच कुळातलं. म्हणजे भाऊबंदकी दोन्ही बाजूंनी!

उपाय साधे होते: बीजप्रक्रिया, पिकाभोवती ज्वारीच्या ओळी, बांधावरचं गाजरगवत फुलाआधी उपटणं. पण एकट्यानं उपटून काय होणार, शेजारच्या पडीकात ते कमरेएवढं असताना? ग्रामपंचायतीच्या जागेत, शाळेमागं, रस्त्याकडेला आजही बघा. पाऊस पडला की पहिलं तेच उगवतं.

१९८४-८५ ला ज्यांच्या रानात केवडा आला होता, त्यांनी गावाच्या नावासह खाली जरूर लिहा.