मुलाम्याचा धूर

जाफराबाद 1948 पर्यंत हैद्राबाद संस्थानात होते. त्या संस्थानच्या राजधानीत, चौमहल्ला राजवाड्याच्या दरबारात, बेल्जियन काचेची 19 झुंबरे आहेत. सहल तिकडे नेलीत तर मुलांच्या माना आपोआप वर जातील. झुंबराचे धाकटे भावंड म्हणजे शामदान: टेबलावर ठेवायचे, अनेक फांद्यांचे, प्रत्येक फांदीवर एक मेणबत्ती. त्यात नाव गाजले ते फ्रेंच कारागिरांचे. काचेचे लोलक आणि सोन्याचा मुलामा दिलेले कांसे, असा त्याचा थाट.

लोलकांचे रहस्य शिशात आहे. 1670 च्या दशकात इंग्लंडमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने काचेच्या मिश्रणात शिशाचे ऑक्साइड घातले. अशी काच जड, कापायला मऊ आणि जास्त वक्रीभवनांकाची असते. प्रकाशातले रंगही ती अधिक फाकविते. फ्रान्समध्ये बाकारा येथील काचकारखाना 1764 चा. पण तेथे ही स्फटिक-काच होऊ लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात.

मुलाम्याची गोष्ट मात्र एवढी उजळ नाही. सोने पाऱ्यात विरघळवून लोण्यासारखा संमिश्र गोळा करीत. तो कांशावर चोपडून वस्तू निखाऱ्यांवर धरीत. पारा 357 अंश सेल्सिअसला उकळतो, सोने वितळायलाच 1064 अंश लागतात. म्हणून पारा उडून जाई आणि सोने चिकटून राही. पण उडून जाई तो कोठे? भट्टीवर वाकलेल्या कारागिराच्या छातीत! हात थरथरू लागत, दात हलू लागत, आणि हातांवरच ज्याचे पोट, त्याचा धंदा संपे.

पॅरिसचा आंत्वान-आंद्रे राव्हरिओ स्वतः अशाच वस्तूंचा नामांकित निर्माता. 1814 मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या मृत्युपत्रात 3000 फ्रँकची रक्कम ठेवलेली होती: मुलामा देणाऱ्यांना पाऱ्यापासून वाचविण्याचा उपाय जो शोधील त्याच्यासाठी. ज्या धंद्यावर आपण श्रीमंत झालो त्याचे मोल कोण चुकविते, हे त्याने पाहिले असले पाहिजे.

पारितोषिक मिळाले रसायनज्ञ दार्से याला. त्याचा निबंध 1818 मध्ये छापला गेला. नवे रसायन त्याने शोधले नव्हते. त्याने धुराडे सुधारले. मुलाम्याच्या भट्टीजवळ एक लहान जादा भट्टी पेटवायची. तिच्या उष्णतेने धुराड्यातली हवा हलकी होऊन वर जाते, आणि मागची पोकळी भरण्यासाठी खोलीतली हवा, पाऱ्याच्या वाफेसह, आत ओढली जाते. अभिसरणाचा हा धडा आपण मेणबत्ती व कागदी चक्राने वर्गात दाखवितोच. पाऱ्याचा प्रयोग मात्र वर्गात मुळीच नको. दार्सेच्या युक्तीने खोलीतला धूर कमी झाला खरा, पण तो पॅरिसच्याच हवेत जात राहिला.

1840 मध्ये इंग्लंडच्या एल्किंग्टनने विद्युत विलेपनाचे पेटंट घेतले आणि पाऱ्याची गरज हळूहळू संपत गेली. त्या नव्या कुंडात सोने विरघळविण्यासाठी वापरीत ते सायनाइड.