फियाटचे रबर

जुन्नरकरांना इतिहास म्हटला की दगडच आठवतो. शिवनेरी दगडाची, लेण्याद्री दगडात कोरलेली, नाणेघाटातला रांजणही दगडाचाच! मी मात्र आज इतिहास सांगणार आहे तो जुन्या मोटारीच्या रबराचा.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० बाहेर पडू लागली. लोकांनी तिला प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ म्हटले. मागून १९६४ साली डिलाइट आली, १९७४ साली पद्मिनी. मुंबईत टॅक्सी म्हणून पद्मिनी ऑक्टोबर २०२३ पर्यंत राबली. जुन्नर-आंबेगावकडे अशी एखादी गाडी वर्षभर अंगणात उभी असते आणि दिवाळीत लेण्याद्री-ओझर करून येते. पत्रा शाबूत, इंजिन ठणठणीत. पण दार ओढले की रबराचा भुगा खाली पडतो.

कच्चे रबर उन्हात चिकट होई आणि थंडीत कडक. १८३९ साली अमेरिकेत चार्लस गुडइयर याला ते गंधकाबरोबर तापवण्याची युक्ती सापडली, आणि रबर माणसात आले. पण हवेतल्या ओझोनचे आणि त्याचे हाडवैर राहिलेच. ताणलेल्या रबराला ओझोन आडव्या चिरा पाडतो. यासाठी टायरच्या रबरात मेण मिसळतात; चाक फिरत राहिले की ते पृष्ठभागावर येऊन कवच धरते. उभ्या गाडीला हे सुख नाही. मंचरच्या बाजूला उन्हाने काचेचे रबर आकसते आणि भीमाशंकरच्या बाजूला त्याच फटीतून पाऊस आत शिरतो. मग पायाखालचा पत्रा गंजतो, आणि बोल मात्र पत्र्याला!

रेक्झिनची कथा निराळी. मूळचे व्हिनिल कडक. १९२६ साली वाल्डो सेमन या अमेरिकन रसायनज्ञाने त्यात दुसरे द्रव्य मिसळून ते मऊ केले. हे द्रव्य उन्हाने उडते आणि तेलाने ओढले जाते. अभ्यंगस्नानाची तेलकट डोकी टेकतात तेवढीच पाठ आधी तडकते, ती त्यामुळे. पेट्रोलने पुसणे म्हणजे तर आगीतून फुफाट्यात. साबणाचे कोमट पाणी, ओले फडके आणि सावली एवढे पुरे.

आपल्याकडे दुखऱ्या सांध्यापासून करकरणाऱ्या बिजागरीपर्यंत सर्वांवर औषध एकच, तेल! पावसाळ्यापूर्वी गाडीच्या पोटाला जळके ऑइल फवारतात. पत्र्याला ते मानवते. रबराचे बुश मात्र फुगून लिबलिबीत होतात. दाराच्या रबराला सिलिकोनचा हात द्यावा, नाहीतर शंखजिरे चोळावे.

खरा जिवाशी खेळ ब्रेकचा. सिलिंडरातल्या रबरी वाट्या ब्रेकच्या खास तेलातच नांदतात. तेथे कोणी इंजिनाचे ऑइल ओतले तर त्या फुगतात, आणि ब्रेक अडकतो किंवा लागतच नाही. माळशेजच्या उतारावर ही चूक सुधारायला जागा नाही. म्हणून मुरबाडकडे उतरणारी जुनी गाडी मी आधी मेस्त्रीकडे नेतो, चाके खोलून वाट्या बघायला लावतो. फुगलेली वा चिरलेली दिसली की बदलायची. टपाची धूळ नंतर पुसली तरी चालते.