दम : खाण्याचा आणि देण्याचा

नांदेडचा मोंढा असो की लातूरचा आडत बाजार, सोयाबीनची आवक वाढली की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. पोतं पाठीवर घेऊन थप्पी चढणाऱ्याला खालचा गडी म्हणतो, "दमानं घ्या मामा, जरा दम खा." आणि गाडी भरायला उशीर झाला की कुणीतरी कुरकुरतो, "सकाळपासून नुसता दम द्यायलेत." शब्द तोच. एकीकडे काळजी, दुसरीकडे धाक.

या शब्दाची घरं दोन. संस्कृत 'दम' म्हणजे आवर, ताबा. ज्याच्या मानेवर अजून जू ठेवायचं आहे, त्या गोऱ्ह्याला संस्कृतात 'दम्य' म्हणत. आपलं 'दमणं' याच कुळातलं. काबूत आणून राबवलेला जीव दमणारच. फारसी 'दम' म्हणजे श्वास, फुंकर. संस्कृतातल्या 'धम्' म्हणजे फुंकणे या धातूचा तो चुलतभाऊ. 'धमनी' त्याच 'धम्'ची. दमा, दमछाक, 'एका दमात' ही या श्वासाची मंडळी.

'दाम' आणि 'मुकादम' यांतही दम ऐकू येतो, पण ते परके. दाम ग्रीक द्राख्मेवरून 'द्रम्म' होत आला, तर मुकादम म्हणजे अरबी 'मुकद्दम', पुढे असलेला. कामावर हे तिघे रोज एकत्र दिसतात, नातं मात्र काही नाही.

हैदराबाद संस्थानाच्या कारभारात १८८४ साली फारसीची जागा उर्दूनं घेतली. नांदेड-लातूर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत त्याच संस्थानात होते. मराठीत आधीच रुळलेल्या 'दम' या शब्दाला इथं उर्दूचा शेजार मिळाला. भांड्याचं तोंड कणकेनं बंद करून मंद आचेवर बिर्याणी 'दमवर' ठेवतात. मग झाकण उघडून ढवळाढवळ करायची नाही, वाफेला तिचं काम करू द्यायचं. उर्दूत दमाची जोडी दिलाशाशी आहे : 'दमदिलासा'. मराठीत ती दाटीशी जमली : 'दमदाटी'.

खरी मेख क्रियापदात आहे. दम खावा, घ्यावा, धरावा, टाकावा, इथवर श्वासच चालू असतो. 'देणे' आणि 'भरणे' लागले की धमकी सुरू होते. त्यामुळे मराठीत दुसऱ्याला विसावा म्हणून दम देताच येत नाही. दम घेऊ द्यावा लागतो.

शेजारचा शब्द 'रजा'. मूळ अरबी 'रिझा' म्हणजे संमती, खुशी. रजा मागायची, वरच्यानं मंजूर करायची. दम खायला अर्ज लागत नाही. पोतं खाली टेकवून हमाल "जरा दम खातो" असं सांगतो, विचारत नाही. १९६९ च्या माथाडी कायद्यानं हमालांच्या नोंदणीची, मजुरीची, कल्याणाची व्यवस्था लावली. दोन पोत्यांमधला श्वास मात्र सोबत्यांच्या समजुतीवरच चालतो. मार्चअखेरच्या बँकेत आणि निकालाच्या दिवसांत शिकवणीवर्गातही तसंच.

आणि नीट पाहिलं तर दिवसभर दम देत फिरणारा माणूस बहुधा स्वतःच दमलेला असतो. त्यानं वेळेवर दम खाल्ला असता, तर निम्मी दमदाटी वाचली असती.